पनामा मर रोगाच्या धोक्यामुळे ग्रँड नैन केळीऐवजी दुसरा वाण लावावा का?

तापीकाठ (रावेर):
आमच्या भागात बहुतेक बागा ग्रँड नैनच्या आहेत. पनामा मर या केळीच्या बुरशीजन्य रोगाचा टीआर-४ हा नवा प्रकार शेजारच्या, मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात आढळल्यापासून मी विचारात पडलो आहे. चार एकरांपैकी निम्म्या क्षेत्रात वेलची केळी लावणे योग्य ठरेल का? टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे घेतली की हा धोका राहत नाही, असे रोपवाटिकेतून सांगितले जाते; ते कितपत खरे मानावे?

केळी-अभ्यासक:
टिश्यूकल्चरचे रोप लावताना निरोगी असते, पण त्यामुळे ते रोगप्रतिकारक होत नाही. बुरशी जमिनीत असेल तर ती मुळांतून शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते आणि खालची पाने कडेपासून पिवळी पडून देठाशी मोडून खोडाभोवती लोंबू लागतात. खोड आडवे कापले तर आत लालसर तपकिरी डाग दिसतात. मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल हा निर्यातीचा वाण याच रोगाच्या जुन्या प्रकाराने १९५०-६० च्या दशकांत बाजूला पडला आणि त्याला दाद न देणारा कॅव्हेंडिश गट सर्वत्र पसरला. टीआर-४ नेमका त्याच गटावर, म्हणजे आपल्या ग्रँड नैन, बसराई आणि श्रीमंतीवर येतो. तैवानने निवडपद्धतीने काही सहनशील वाण काढले, तर ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये रानकेळीचे जनुक घातलेल्या क्यूसीएव्ही-४ वाणाला मंजुरी मिळाली. मात्र आपल्या शेतकऱ्याच्या हाती आज असा वाण नाही.

घाटमाथा:
वेलचीविषयी सावध राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कर्नाटकात एलक्की म्हणून लावली जाणारी ही केळी जुन्या प्रकारच्या मर रोगालाही बळी पडते, आणि भौगोलिक मानांकन मिळालेले नंजनगूडचे रसबाळे हे केळे याच रोगाने जवळजवळ संपवले. बाजारासाठी थोडी वेलची जरूर लावावी. ती रोगावरचा उपाय समजून लावू नये.

तापीकाठ:
दोघांचेही आभार. मग लागवडीपूर्वी हाती करण्यासारखे नेमके काय उरते?

केळी-अभ्यासक:
माती रोखणे. ही बुरशी केळी नसतानाही जमिनीत अनेक वर्षे टिकते आणि बुरशीनाशकाने जमीन पुन्हा स्वच्छ होत नाही, म्हणून तिला आत येऊ न देणे एवढेच आपल्या हाती आहे. बाहेरगावचे कंद आणू नयेत. भाड्याचा रोटाव्हेटर, घड वाहणारी गाडी, मजुरांची पादत्राणे यांना चिकटलेली माती बांधाबाहेरच धुऊन घ्यावी; आपल्या पट्ट्यात यंत्रे आणि मजुरांच्या टोळ्या राज्याच्या सीमेपलीकडून सर्रास येतात, तेव्हा मला सर्वाधिक काळजी याच गोष्टीची वाटते. संशयित झाड दिसल्यास ते उपटून शेतातून ओढत नेऊ नये, त्या ओळीचे पाणी बंद करावे, आणि जळगावच्या केळी संशोधन केंद्राला किंवा पाल येथील कृषी विज्ञान केंद्राला कळवून नमुना त्यांच्याच हातून घ्यावा.