'रेझिनमध्ये अमर झालेलं लाकूड' म्हणे!

छिन्नी:
कालच्या धाग्यात 'ओतकाम' यांनी लिहिलंय की जुन्या लाकडात रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं द्रव प्लास्टिक) ओतलं की त्याला दुसरा जन्म मिळतो, ते अमर होतं, वर पर्यावरणही वाचतं. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

जुनी तुळई पुन्हा पुन्हा वापरता येते, हीच तर तिची गंमत. खिळे उपटा, रंधा मारा, दार करा. दार मोडलं की फळी करा. एपॉक्सी, म्हणजे हे आपलं रेझिन, एकदा सेट झालं की संपलं! तापवलं तर मऊ पडेल, करपेल, पण पुन्हा ओतता येणार नाही. म्हणजे दुसरा जन्म दिलात आणि तिसरा बंद केलात. मोक्ष म्हणा हवं तर. अमेरिकेतले लाकूडकारागीर जॉर्ज नाकाशिमा भेगेवर फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर बसवत आणि भेग दिसू देत. आपण भेग दिसली रे दिसली की तिच्यात निळ्या रेझिनची नदी सोडतो.

ओतकाम:
निळ्या नदीचा कंटाळा मलाही आलाय. पण तुमची तुळई धडधाकट आहे हो! माझ्याकडे येतं ते पोखरलेलं, बोट लावलं की भुगा. मारा त्यावर रंधा. पातळ रेझिन आत मुरवलं नाही तर ते चुलीतच जाणार. आणि स्वतः कधी ओतलंय का, की नुसतंच लिहायचं?

छिन्नी:
ओतलंय, म्हणूनच बोलतोय. चार बोटं जाडीचं एकदम ओतलं. भांडं हातात धरवेना, धूर निघाला. सकाळी बघतो तर मधोमध तडा आणि लाकडाच्या कडेने साबणाच्या फेसासारखे बुडबुडे.

ओतकाम:
ओलं लाकूड, आधी पातळ हात मारून छिद्रं बुजवली नाहीत, थर देत गेला नाहीत. यात रेझिनचा काय दोष?

घुबड:
अवांतर. माझा राग अशा वस्तूंवर 'पाचच केल्यात, ही दुसरी' म्हणून कोरतात त्या '५ पैकी २' वर आहे. लाकडाचा प्रत्येक तुकडा वेगळा, मग आवृत्ती कसली मोजता? मी असाच एक दिवा घेतला. वर्षभरात त्याच माणसाने हिरव्याऐवजी तपकिरी रंग घालून 'नवी मालिका' काढली. पुन्हा पाचच!

ओतकाम:
इटालियन डिझायनर गाएतानो पेशेंनी १९८४ मध्ये एकाच साच्यातून नऊ खुर्च्या काढल्या. प्रत्येकीत रेझिनचा कडकपणा वेगळा, पहिली तर धड उभीही राहत नाही. ती मालिकाच ना?

घुबड:
तिथे वेगळेपणा हाच विषय होता. इथे तो विक्रीचा शिक्का आहे. पेशेंच्या आड लपू नका.

ओतकाम:
लपतंय कोण? तुम्ही फसलात म्हणून सगळे चोर?

रंधा:
भांडा आकड्यांवर. हातमोज्यांचा आळस केला म्हणून मला हार्डनरची (रेझिन घट्ट व्हायला त्यात मिसळतात ते) ॲलर्जी झाली. आता डबा उघडला तरी मनगटावर पुरळ उठतं. त्यावर एक ओळ लिहा कुणीतरी.

घुबड:
काळजी घ्या. तर, माझ्या त्या 'अमर' दिव्याची खिडकीकडची बाजू चहासारखी पिवळी पडलीय. क्रमांक मात्र शाबूत.

ओतकाम:
यूव्ही स्टॅबिलायझरने (उन्हाचा मारा सोसायला रेझिनमध्ये घालतात ते रसायन) पिवळेपणा लांबतो, टळत नाही. बरं, 'अमर' मागे. 'दीर्घायुषी, ऊन वर्ज्य' लिहितो. झालं समाधान?

छिन्नी:
निम्मं. पोखरलेल्या लाकडाचं तुमचं खरं, घ्या. धडधाकट तुळई हाती लागली तर मात्र ओतण्याआधी मला कळवा.

घुबड:
आणि क्रमांकाचं काय?