मदत हवी आहे: आजाराआधी माणूस लोकांत किती मिसळायचा यावरून पुढचं ठरतं का?

नमस्कार मंडळी, घरात सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) अनुभव असलेल्यांनी किंवा या फील्डमधल्यांनी प्लीज सांगा. धाकट्या भावाला गेल्या वर्षी पहिला एपिसोड आला, औषधांनी नसलेले आवाज ऐकू येणं थांबलंय, पण डॉक्टर सारखं जुनंच विचारतात, शाळेत मित्र होते का, एकटा कधीपासून राहायला लागला वगैरे. शोधलं तर कळलं की त्यासाठी १९८२ पासून प्रीमॉर्बिड (म्हणजे आजाराआधीचं) ॲडजस्टमेंट स्केल नावाचं स्केलच आहे, ११ वर्षांपर्यंत, १२ ते १५, १६ ते १८ आणि पुढे असे टप्पे पाडून मैत्री, मिसळणं, अभ्यास सगळं बघतात. आणि आधीपासून कमी मिसळणाऱ्यांत नंतर निगेटिव्ह लक्षणं, म्हणजे उत्साह नसणं, कोरा चेहरा, तुटक बोलणं, जास्त दिसतात म्हणे. सरासरी ग्रुपची असते, एका माणसाचं भविष्य नाही, हे डोक्याला कळतं, आईला कोण समजावणार!

आता भावाचं असं की लहानपणी घरात टिकायचाच नाही, सोळाव्या वर्षापासून मात्र मित्राचा फोन आला की मोबाईल उलटा करून ठेवायचा. मग यातलं काय धरायचं, आधीचं की नंतरची घसरण?

दुसरं म्हणजे कामाला लागणं, मित्र परत येणं आणि त्याला स्वतःला आतून बरं वाटणं हे एकच का? तो म्हणतो मी मजेत आहे, आम्हालाच तसं दिसत नाही. सोशल स्किल ट्रेनिंगचा, म्हणजे लोकांशी बोलणं-मिसळणं शिकवतात त्याचा, कुणाला फरक पडलाय का आणि ते एपिसोडनंतर किती लवकर सुरू केलं होतं?