लाँग कोविड: ‘रोज थोडा व्यायाम वाढवा’ हा सल्ला सरसकट देणं थांबवायला हवं

(लाँग कोविड म्हणजे कोविडनंतर महिनोन्महिने रेंगाळणारा त्रास. सावकाश, रोखठोक आणि चौकस या टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची ही ऑनलाइन चर्चा.)

सावकाश
कोविड होऊन चार महिने झाले. सीबीसी, थायरॉइड, बी-१२, फेरिटिन, एचबीएवनसी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, सगळं ठीक. तरी माणूस जिना चढला की बसतो, उभं राहिलं की धडधडतं, दुपारनंतर डोकं चालत नाही. त्याला हमखास सांगितलं जातं, ‘अशक्तपणा आहे, रोज थोडं थोडं चालणं वाढवा.’

माझा आक्षेप ‘वाढवा’ या शब्दाला आहे. दोन गोष्टी तपासल्याशिवाय तो शब्द तोंडातून काढू नये.

पहिली, पीईएम, म्हणजे श्रमानंतरचं कोसळणं. श्रम केल्यावर लगेच दमणं वेगळं आणि श्रमानंतर उशिरा कोसळणं वेगळं. हे कोसळणं बहुधा १२ ते ४८ तासांनी येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सोमवारी बरं वाटलं म्हणून अर्धा तास चालणं, वर दोन तास हिशेबाचं काम. मंगळवार बरा. बुधवारी सकाळी अंग फोडून काढल्यासारखं, घसा दुखतो, प्रकाश सहन होत नाही. माणूस म्हणतो, ‘काल तर काहीच केलं नव्हतं.’ बरोबर, केलं होतं परवा. दोन आठवडे वही ठेवली की हे दिसतं: शरीराचे श्रम, डोक्याचे श्रम, झोप, आणि संध्याकाळी दहापैकी किती बरं वाटलं. डोक्याच्या श्रमांचा रकाना लोक गाळतात आणि तिथेच घोळ होतो.

दुसरी, उभं राहण्याची चाचणी. दहा मिनिटं आडवं पडून नाडी आणि बीपी दोनदा मोजायचं. मग टाचा भिंतीपासून साधारण १५ सेंमी पुढे, खांदे भिंतीला टेकलेले, असं दहा मिनिटं उभं राहायचं. दर मिनिटाला नाडी आणि बीपी. बीपी न पडता नाडी ३० किंवा जास्त वाढून तशीच राहिली (१२ ते १९ वयात ४०), तर पॉट्सचा (उभं राहिलं की नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराचा) संशय घ्यायचा. वरचं बीपी २० किंवा खालचं १० उतरलं तर तो वेगळा प्रकार, त्याची कारणंही वेगळी. शेजारी माणूस हवाच. डोळ्यांपुढे अंधारी आली की चाचणी तिथेच संपली.

रोखठोक
वहीला आणि चाचणीला विरोध नाही. विरोध आहे त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाला, म्हणजे ‘पडून राहा’ला.

पडून राहण्याची किंमत मोजलेली आहे. १९६६ साली डॅलसमध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तर तीस वर्षांच्या वयाने केलेली घसरण त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघाली! अंथरुणात रक्तातलं पाणी पहिल्या काही दिवसांतच कमी होतं आणि उभं राहिलं की नाडी धावते. म्हणजे तुमची चाचणी ज्याला पॉट्स म्हणेल, त्यातला काही भाग नुसत्या पडून राहण्याचाही असू शकतो.

आणि व्यायामाचा पुरावा आहे. ब्रिटनमधली रीगेन चाचणी, ५८५ रुग्ण, आठ आठवडे ऑनलाइन गटव्यायाम आणि मानसिक आधार. सल्ल्याच्या एकाच बैठकीच्या तुलनेत जीवनमान सुधारलं. फरक छोटा, पण वर्षभर टिकला.

आणखी एक. नॉर्वेत १२ ते २५ वयाच्या मुलांचा सहा महिने पाठपुरावा झाला. लागण झालेल्यांत आणि न झालेल्यांत, दोन्हींकडे जवळपास निम्मे जण ‘कोविडोत्तर’ व्याख्येत बसले. थकवा दिसला की लाँग कोविड, ही घाई कशाला?

सावकाश
नॉर्वेचा दाखला माझ्याच बाजूने जातो. जागतिक आरोग्य संघटनेची ऑक्टोबर २०२१ची व्याख्या सैल आहे: लागण होऊन साधारण तीन महिने, लक्षणं किमान दोन महिने टिकलेली, दुसरं कारण नाही. या जाळ्यात सगळे मासे अडकतात. म्हणूनच आत शिरून वर्गवारी करा म्हणतोय.

रीगेनमध्ये कोण होतं? रुग्णालयातून घरी सोडलेले लोक. त्यांचे स्नायू पलंगावर गेले होते, त्यांना व्यायामाने फायदा होणारच. घरीच सौम्य कोविड काढून नंतर कोसळणारा माणूस त्यांच्यात मोजू नका.

अ‍ॅमस्टरडॅमच्या गटाने (जानेवारी २०२४) पीईएम असलेले २५ रुग्ण आणि २१ निरोगी लोक सायकलवर दमवले. मांडीच्या स्नायूचा तुकडा आधी घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. रुग्णांच्या स्नायूत पेशी मेल्याच्या खुणा वाढल्या होत्या आणि मायटोकाँड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांचं, काम आणखी मंदावलं होतं. नुसत्या आळसावलेल्या स्नायूला एका दिवसात असं होत नाही.

चौकस
वाद चालू द्या, पण उभं राहण्याच्या चाचणीबद्दल बोलतो, कारण घरी केलेल्या बऱ्याच चाचण्या वाया जातात.

दुपारी, भरपूर पाणी पिऊन केली तर नाडी कमी वाढते. सकाळी करा. उभं असताना बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. पोटऱ्या आवळल्या तरी रक्त वर ढकललं जातं आणि आकडा ‘चांगला’ येतो. गार बोट किंवा नखांवर रंग असेल तर ऑक्सिमीटर वाटेल ते दाखवतो. बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी दबलेली राहते, पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, कागदावर तशी नोंद करायची.

धापेसाठी वेगळी चाचणी: खुर्चीवरून एक मिनिट ऊठबस. ऑक्सिजन ३ किंवा जास्त अंकांनी उतरला तर हा धागा सोडून डॉक्टर गाठा. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, एकच पोटरी सुजणं, यांतही वाट न बघता डॉक्टर गाठा.

रोखठोक
@सावकाश, पंचवीस जणांवरून जगाला विश्रांती देता येत नाही. स्वीडनमध्ये रुग्णालयात दाखल न झालेले ३१ लाँग कोविड रुग्ण घेतले. जोरकस, मध्यम आणि वजनांचा, असे तीन व्यायाम वेगवेगळ्या दिवशी दिले. ४८ तासांनी थकवा निरोगी लोकांच्या तुलनेत फार बिघडला नाही. जोरकस व्यायामानंतर स्नायू जास्त दुखले, इतकंच.

आणि पॉट्समध्ये तर व्यायाम हाच उपचाराचा भाग आहे. फक्त आडवा: रोइंग, टेकून बसायची सायकल, पोहणं. उभा व्यायाम काही महिन्यांनी.

तुमच्या बाजूचे लोक जिची भलामण करतात ती नाडीमर्यादा घ्या, म्हणजे दिवसभर नाडी ज्याच्या वर जाऊ द्यायची नाही तो आकडा. सकाळी उठण्याआधीच्या नाडीची सात दिवसांची सरासरी अधिक १५. सरासरी ६८ असेल तर मर्यादा ८३. पॉट्सवाला दात घासायला उभा राहिला तरी ११०! मग काय, दात घासू नये?

सावकाश
दात बसून घासावेत. चेष्टा नाही, हाच उपाय आहे: स्टुलावर अंघोळ, बसून भाजी चिरणं, पोटापर्यंत येणारे घट्ट मोजे, दिवसाला दोन-तीन लिटर पाणी, आणि डॉक्टर हो म्हणाले तर मीठ वाढवणं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर मीठ वाढवायचं नाही. आधी पॉट्स आटोक्यात आणायचा, नाडीमर्यादा नंतर. तोवर तो आकडा निरुपयोगी आहे, हे मान्य. मनगटावरचं घड्याळ झटकन वाढलेली नाडी उशिरा पकडतं, छातीचा पट्टा बरा.

स्वीडनच्या अभ्यासात ४८ तासांनंतर काय झालं ते मोजलं नाही, आणि जो घराबाहेरच पडू शकत नाही तो प्रयोगशाळेत तीनदा येणार कसा?

ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२१मध्ये एमई-सीएफएसच्या (दीर्घकाळ थकव्याचा आजार, पीईएम हे त्याचं मुख्य लक्षण) उपचारांतून ठरावीक टप्प्यांनी वाढणारा व्यायाम काढून टाकला, तो उगाच नाही.

रोखठोक
तो नियम एमई-सीएफएसचा आहे, सगळ्या लाँग कोविडचा नाही. तुम्हीही सरसकटच करताय, फक्त उलट्या दिशेने.

चौकस
यावर एक व्यवहारी प्रश्न. वहीत पीईएम दिसला, दोन-तीन आठवडे माणूस मर्यादेत राहिला, कोसळला नाही. पुढे?

रोखठोक
वाढवायचं. आठवड्याला दहा टक्के.

सावकाश
‘आठवड्याला’ हा शब्द खोडा. कॅलेंडर बघून वाढवायचं नाही, वही बघून. एका वेळी एकच गोष्ट, वेळ किंवा वेग. वाढवल्यावर तीन दिवस थांबून बघायचं, कारण बिल उशिरा येतं. कोसळला तर मागच्या पायरीवर नाही, त्याच्याही खाली. आणि ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी राहिलेली कामं उरकायची नाहीत, सगळ्यात जास्त माणसं तिथेच पडतात.

रोखठोक
तीन दिवस थांबणं मान्य. पण वहीत पीईएम नसेल आणि उभं राहण्याची चाचणी साफ असेल, त्याला मी उद्यापासून चालायला लावणार.

सावकाश
लावा. वही मात्र पहिले दोन आठवडे चालू ठेवा.