परदेशातली इंटर्नशिप आणि शनिवार-रविवारची भटकंती: तुमचे किस्से सांगा

काल भाचीने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, जर्मनीतल्या न्वायश्वानस्टाईन किल्ल्यासमोरच्या त्या पुलावर उभी आहे, मागे किल्ला, खाली लिहिलंय "मावशी ओळख!" आता ओळखणार काय कप्पाळ, २००९ च्या जूनमध्ये त्याच पुलावर फळ्या हलतात म्हणून मी कठड्याला मिठी मारून उभी होते.

स्टुटगार्टला दोन महिने इंटर्न होते तेव्हा. मी, एक चेन्नईचा, एक कानपूरची, एक ब्राझीलवाला आणि एक पोलंडची. पाचच, कारण जर्मन रेल्वेच्या त्या वीकेंड तिकिटावर पाच जण चालायचे, त्यामुळे सहाव्याशी आम्ही मैत्रीच करत नव्हतो :) फास्ट गाड्यांना ते चालायचं नाही, सगळं पॅसेंजरने, बदलत बदलत. पहाटे निघून फ्युसेनला दुपारी पोचलो, तिथून बस. किल्ल्याच्या तिकिटावर वेळ छापलेली असते, त्याच वेळेला आत सोडतात. आमच्याकडे सव्वा तास होता म्हणून कानपूरवालीने पराठे काढले. मग लोणचं निघालं. ब्राझीलवाला लोणच्यावर असा काही तुटून पडला की बरणी संपेपर्यंत उठेचना आणि वरचा चढ चाळीस मिनिटांचा आहे हे कुणाच्या लक्षातच नाही. धापा टाकत पोचलो तर आमची वेळ होऊन सात मिनिटं झालेली. गेटवरच्या बाईंनी फक्त घड्याळाकडे बोट दाखवलं.

मग काय, पुलावरूनच बघितला. त्या लुडविग राजाने म्हणे माणसं नकोत म्हणून हे डोंगरात बांधायला घेतलं, त्याला सहा महिनेसुद्धा धड राहायला मिळालं नाही, १८८६ ला गेला आणि दोन महिन्यांच्या आत तिकीट लावून लोकांना खुलं! आजतागायत मी आतून बघितलेला नाही. तुमचेही असे फसलेले, जमलेले सगळे किस्से येऊ द्या.

—

पाच जणांचं तिकीट!!! काय आठवण काढलीस गं. रात्री ३ पर्यंत चालायचं म्हणून आम्ही शेवटच्या गाडीपर्यंत ताणायचो. २०१९ ला बंद केलं.

—

आमची गाडीच तुटली होती. म्हणजे तिकडे मधल्या स्टेशनवर गाडीचे दोन भाग करतात, पुढचे डबे एकीकडे मागचे दुसरीकडे, डब्यावर लिहिलेलं असतं पण वाचतो कोण. मी आणि एक मित्र पुढे खिडकी मिळाली म्हणून बसलो, बाकी तिघं मागे, तिकीट मागच्यांकडे आणि खाण्याची पिशवी आमच्याकडे. टीसी आला तेव्हा मी त्याला पिशवी दाखवली, अजून काय दाखवणार

—

जर्मनी नाही चालेल ना? मी ओसाकाला होते, लॅबमधल्या पोरांबरोबर रविवारी नाराला. तिथली हरणं बिस्किटासाठी वाकून नमस्कार करतात, खरंच. मी बिस्किट देत होते समोरच्या हरणाला आणि मागून दुसऱ्याने खिशातला नकाशा ओढून खाल्ला, अर्धा. देवळात जायचा रस्ता त्याच अर्ध्यात. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

—

चढाचं काय सांगता ताई, कलोनच्या कॅथेड्रलला ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही. सगळे गेले, मी खाली बॅगा सांभाळल्या. बॅगा चार, आईस्क्रीम तीन.

—

माझा अनुभव न जाण्याचा आहे. स्वित्झर्लंडला होतो, ग्रुप युंगफ्राउयोखला, म्हणजे बर्फातल्या त्या उंच रेल्वे स्टेशनला निघाला. तिकिटाचा आकडा बघितला, मनात रुपयात गुणाकार केला, बाबांचा पगार आठवला आणि पोट दुखतंय सांगून इंटरलाकेनला थांबलो. दिवसभर नदीकाठी बसून ब्रेड खाल्ला. आता परवडतं, पण ती पोरं कुठे आणायची.

—

अरे दादा 🙏 आपण सगळेच गुणाकारवाले. पण एक सांगू, मी गेले होते वर, ३४५४ मीटर, आणि नुसतं पांढरं धुकं. हातातला चहासुद्धा दिसत नव्हता. वाचलास.

—

हाहा, हे पंधरा वर्षं आधी का नाही सांगितलंत!

—

जरा अवांतर, माझा मुलगा येत्या मेमध्ये जर्मनीला चाललाय इंटर्नशिपला, पूर्ण शाकाहारी. खायचं काय होतं? पोहे किती किलो द्यावेत?

—

काकू, पोहे द्या पण मुख्य म्हणजे रविवारी तिकडे दुकानं बंद हे त्याला पाठ करायला लावा. शनिवारी भटकून रात्री उशिरा आला की सोमवारपर्यंत उपास, नाहीतर स्टेशनवरची बेकरी. कणीक टर्किश नाहीतर एशियन दुकानात बघायला सांगा. आणि क्वार्क मिळतो तो म्हणजे आपला चक्काच, श्रीखंड फर्स्टक्लास होतं.

—

क्वार्कचं श्रीखंड +१. केशर-वेलची मात्र इकडून न्या. आम्ही ट्रिपला डब्यात न्यायचो, एका स्पॅनिश पोराने ब्रेडला लावून खाल्लं.

—

धागाकर्ती: भाचीला विचारलं, आतून बघितलास का गं. म्हणाली नाही, तिकिटं आधीच संपली होती. खानदानी आहे म्हणजे.

—

किल्ल्याचं राहू द्या, क्वार्क कुठला घ्यायचा? माझ्या मुलीने केलं ते आंबट झालं

—

४०% फॅट लिहिलेला. मॅगर (म्हणजे बिनफॅटचा) लिहिलेला नको.