शब्दचर्चा : बायकांच्या पँटला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : कथा लिहितेय. साल १९९०, गाव कोल्हापूर. नायिका जीन्स घालून महाद्वार रोडला निघाली आहे. तिची नऊवारीतली आजी त्या जीन्सला काय म्हणेल? विजार, तुमान की पाटलोण?

उत्तर : ताई, तुमान म्हणू द्या. माझी आजी तेच म्हणायची. मी कॉलेजला निघाले की उंबऱ्यात उभी राहून विचारायची, "अगं, ही तुमान नेसून कुठं चाललीस?" यातलं 'नेसून' गाळू नका. लुगडं, धोतर, लुंगी नेसतात. विजार, पँट घालतात. पण आजीच्या लेखी बाईमाणसानं कमरेला काही घेतलं की ते नेसलेलंच. शब्द पुरुषाचा आणि क्रियापद बाईचं, असं तिचं ते वाक्य होतं.

विजार फारसीतल्या 'इजार'वरून आली, तुमानही फारसीच. पाटलोण साहेबाबरोबर आली, इंग्रजी पँटलूनवरून. त्या पँटलूनच्या मागं इटालियन नाटकांतला पँटालोने नावाचा व्हेनिसचा म्हातारा व्यापारी आहे. आमच्याकडं पाटलोण म्हटलं की कोर्टातला कारकून नाहीतर हेडमास्तर डोळ्यांसमोर येतो, म्हणून आजीच्या तोंडी तो शब्द मला शोभत नाही. लेंगाही टाळा. हिंदीतला लहंगा बाईचा घागरा, पण आपल्याकडं लेंगा म्हणजे पुरुषाचा नाडीचा पायजमा. आणि गंमत बघा, विजार, तुमान, पाटलोण तिन्ही स्त्रीलिंगी, घालणारे मात्र सगळे पुरुष.

आजीला खटकायचं काय, हेही कथेत नीट यायला हवं. युरोपात भांडण पायांचं होतं. बाईचे दोन पाय वेगवेगळे दिसणं हेच पुरुषी. पॅरिसच्या पोलिसांनी १८०० साली हुकूम काढला होता, की बाईला पुरुषी पोशाख करायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी. पुढं १८९२ आणि १९०९ साली सवलत मिळाली, ती हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तेव्हापुरती. तो हुकूम आता लागू नाही असं तिथल्या सरकारनं स्पष्ट केलं २०१३ साली! अमेरिकेत १८५१ साली अमेलिया ब्लूमर यांनी आखूड झग्याखाली सैल विजार घालायचा आग्रह धरला, तर त्यांची टर उडवली गेली. त्यांच्याच आडनावाची ब्लूमर पुढं आपल्या शाळेतल्या पोरींच्या स्कर्टखाली आली.

आपल्याकडं काष्ट्याच्या लुगड्यात बाईचे पाय केव्हाच सुटे झाले होते. उलट पाचवारी आली तेव्हा तिला 'गोल साडी' म्हणावं लागलं, कारण मधला काष्टा गेला. माझी आजी काष्टा खोचून चिखलात भात लावायची, पोटऱ्या उघड्या. त्यामुळं तिचा राग पायांवर नव्हता. तुमान शिवलेली, आणि पुरुषाची, हे तिला सोसत नव्हतं.

मग पँट घरात आली कशी? माझ्या मते 'ड्रेस' या शब्दानं आणली. पंजाबी ड्रेस आला तेव्हा सुरवार हा शब्द आमच्या गल्लीत कुणाच्या तोंडी बसला नाही. "पोरगी ड्रेस घालते" एवढंच म्हणायचे, म्हणजे खाली काय आहे ते बोलायलाच नको. शिंप्यापुढं मात्र त्या ड्रेसचे तीन भाग पडले, टॉप, पँट आणि ओढणी. माझी आई राजारामपुरीतल्या शिंप्याला सांगायची, "ड्रेसच्या पँटचा नेफा रुंद ठेवा, आसन सैल करा, मोहरी बारीक." दुकानात चार पुरुष उभे असायचे, पण तिला त्या शब्दाचा जराही संकोच नव्हता. आणि मी जीन्स मागितली की हीच आई म्हणायची, "आपल्यात पँट घालत नाहीत." ओढणीच्या आडोशानं तो शब्द आमच्या घरात कितीतरी आधी येऊन बसला होता, म्हणून पुढं जीन्सला वाट मिळाली, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : तुमान घेतली, आभार. नायिकेची आई काय म्हणेल?

उत्तर : आई पँटच म्हणेल. फक्त वरचा टॉप गुडघ्यापर्यंत घाल म्हणेल, ड्रेससारखा.