एलिट (१९८४ची अंतराळातली कॉम्प्युटर गेम): स्टेशनात शिरताना दर वेळी फुटतो, कोणी खेळलंय का?

ब्लेचलीकर

नमस्कार मंडळी, प्रश्न येडपट वाटेल पण घरात दोन आठवडे याच्यावरून धुसफूस चाललीय म्हणून विचारते. आम्ही मिल्टन कीन्सला राहतो, ब्लेचली पार्क गाडीने दहा मिनिटांवर. तिथल्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये जुन्या बीबीसी मायक्रोंची (ऐंशीच्या दशकातले इथल्या शाळांतले कॉम्प्युटर) एक अख्खी वर्गखोली आहे, मशीनला हात लावू देतात, कुणी ओरडत नाही. पावसाचा रविवार होता म्हणून लेकाला (वय ११) घेऊन गेले, तिथे शेजारी बसलेले एक गोरे आजोबा म्हणाले की या मशीनवर खेळायची असेल तर एलिट खेळ, बाकी सगळं पोरखेळ. झालं. घरी येऊन ब्राउझरमध्ये एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) लावून दिला आणि आता आमच्याकडे रोज संध्याकाळी कोणीतरी मरतंय.

म्हणजे बघा, सुरुवात लेव्ह नावाच्या ग्रहाच्या स्टेशनात, हातात १०० क्रेडिट, कोब्रा मार्क थ्री यान, एक लेझर, तीन मिसाइल. पुढे काय करायचं ते गेम सांगतच नाही! पोराने अक्कल चालवून सगळ्या पैशांचं धान्य भरलं, दुसऱ्या ग्रहापर्यंत उडी मारली, वाटेत एक चाचा पण पाडला आणि शेवटी त्या गरगर फिरणाऱ्या स्टेशनात शिरताना फटाक. सोळा वेळा. मी मोजलंय, कारण पुढच्या नऊ वेळा मीच होते.

तर दोन गोष्टी. एक, आत कसं जायचं. दोन, लेकाचा प्रश्न आहे की २०४८ ग्रह, प्रत्येकाचं नाव, भाव, सरकार, हे सगळं ३२ के (साधारण ३२ हजार अक्षरं मावतील एवढ्या) मेमरीत मावलं कसं, माझ्या फोनमधला एक फोटो याच्या शंभरपट मोठा असतो. मी अकाउंटवाली बाई, मला काय कप्पाळ माहीत.

सदाशिव_४८के

ताई, वाचून जीव गार झाला, मला वाटलं या गेमचं नाव काढणारा मराठीत मी एकटाच उरलोय.

आम्ही बीबीसीवर नाही, स्पेक्ट्रमवर (तेव्हाचाच दुसरा एक ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर) खेळलो. पुण्यात डेसिबेल्स कंपनी १९८६ पासून परवान्याने स्पेक्ट्रम प्लस बनवायची, डीबी स्पेक्ट्रम प्लस म्हणायचे त्याला. मामांनी घेतला होता, मामेभावाच्या अभ्यासाला म्हणून, आणि अभ्यास काय झाला ते तुम्हाला कळलंच असेल. गेम कॅसेटवर असायची, ती टेप लोड व्हायला पाच मिनिटं, त्यात मध्येच अडकली की बारीक स्क्रू ड्रायव्हरने रेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा, किर्रर्र आवाज स्वच्छ टोकदार येईपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि स्पेक्ट्रमच्या एलिटला कॉपी होऊ नये म्हणून लेन्सलॉक नावाची भानगड होती, प्लास्टिकचं घडीचं भिंग, ते पडद्याला लावलं की विस्कटलेली दोन अक्षरं जुळून दिसायची आणि ती टाइप केली तरच गेम सुरू. आमचं भिंग धाकट्या भावाने मुंग्या बघायला अंगणात नेलं, त्यातून एक मुंगी चार ठिकाणी दिसते असं ओरडत आला आणि संध्याकाळी ते भिंग कुठेच नव्हतं. पुढचे तीन महिने एलिट बंद.

असो, डॉकिंग, म्हणजे स्टेशनात शिरणं. सगळे एकच चूक करतात, स्टेशन दिसलं रे दिसलं की सरळ त्याच्यावर नाक धरून निघतात. स्टेशनला तोंड एकाच बाजूला आहे आणि ती बाजू कायम ग्रहाकडे असते. कायम. हे एक कळलं की अर्धं काम झालं. तुम्ही लांबून येता तेव्हा बहुतेक वेळा भलत्याच अंगाने येता. तर खाली पॅनेलवर एस अक्षर उमटलं म्हणजे तुम्ही स्टेशनच्या हद्दीत आलात, छोट्या होकायंत्रातला ठिपका आता ग्रहाऐवजी स्टेशन दाखवतो. तिथून स्टेशनवर न जाता, स्टेशन आणि ग्रह यांच्या मधल्या जागेत जायचं, ग्रहाकडे पाठ करायची आणि मग स्टेशनकडे वळायचं. समोर पोस्टाच्या पेटीच्या तोंडासारखी आडवी फट गोल गोल फिरताना दिसेल. ती फट बरोब्बर मधोमध दिसत नसेल तर पुढे जाऊच नका, थांबा, बाजूला व्हा, पुन्हा रांगेत या.

मग स्पीड अगदी कमी. हे महत्त्वाचं, कारण मुंगीच्या पावलांनी गेलात आणि चुकलात तर यान फुटत नाही, नुसतं घासून शील्ड कमी होतं, गर्दीत बंपर घासतो तसं. फुटतो तो वेगाने जाणारा. जवळ गेल्यावर स्टेशन फिरतं त्याच दिशेने आपणही हळूहळू लोळायला लागायचं, म्हणजे फट पडद्यावर आडवी स्थिर दिसते, आणि आत.

सराव करायचा सोपा उपाय: स्टेशनातून बाहेर पडता तेव्हा तुम्ही फटीच्या बरोब्बर समोर असता, तोंड ग्रहाकडे. थोडं पुढे जा, थांबा, नाक वर उचलत पूर्ण मागे वळा, फट समोर. आत या. बाहेर जा. पुन्हा. आम्ही एका रविवारी दुपारभर एवढंच केलं, व्यापार नाही लढाई नाही. आणि चुकूनही स्टेशनवर लेझर मारू नका, आतून पोलीस निघतात.

ऑर्बिट_पव्या

एवढा त्रास कशाला, ऊलाइट डाउनलोड करा, फुकट आहे, हीच गेम चांगल्या ग्राफिकमध्ये. किंवा सरळ २०१४ची एलिट डेंजरस घ्या. रेघोट्या बघून डोळे फोडायचे दिवस गेले. आणि १५०० क्रेडिट जमले की यान आपोआप आत नेणारा डॉकिंग कॉम्प्युटर मिळतो तो घ्या, विषय संपला.

सदाशिव_४८के

पव्या, १५०० जमायला आधी पाच-दहा वेळा आत जाता आलं पाहिजे ना रे. माल विकायचा कुठे, खिडकीतून?

कमोडोर ६४ वर (तेव्हाचा आणखी एक घरगुती कॉम्प्युटर) डॉकिंग कॉम्प्युटर लावला की ब्लू डॅन्यूब हे वॉल्ट्झ संगीत वाजायचं हे मात्र मान्य, त्या एका गोष्टीसाठी शेजाऱ्याचा हेवा वाटायचा.

जोडाक्षर

लेकाच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, हा माझा आवडता विषय आहे, लांबण लागेल.

पहिलं म्हणजे ३२ के पण नाहीत. बीबीसी मायक्रोच्या ३२ के मधले ८ के नुसता पडदा खातो, शिवाय मशीनचा स्वतःचा थोडा वाटा असतो, म्हणजे गेमला राहिले वीस-बावीस के. त्यात ग्रहांची यादी ठेवायची म्हटलं, प्रत्येकाला सहाच बाइट (एक बाइट म्हणजे एका अक्षराएवढी जागा) दिले तरी २०४८ गुणिले सहा म्हणजे १२ के गेले. म्हणून इयान बेल आणि डेव्हिड ब्रेबन (तेव्हा केंब्रिजमध्ये शिकणारी दोन पोरं, पदवी पण झाली नव्हती) यांनी यादी ठेवलीच नाही. ठेवले फक्त तीन आकडे.

मुलाला कागद पेन्सिल द्या आणि हे करायला लावा. आकडे आहेत २३११४, ५८४ आणि ४६९३१. तिघांची बेरीज ७०६२९. पण प्रत्येक आकड्याला दोन बाइट, म्हणजे सोळा बिट (शून्य-एकाची घरं), आणि त्यांत ६५५३५ च्या वर मावत नाही, म्हणून ६५५३६ वजा करा, उरले ५०९३. आता पहिला आकडा टाकून द्या, बाकीचे दोन डावीकडे सरकवा, शेवटी ५०९३ लिहा. नवं त्रिकूट: ५८४, ४६९३१, ५०९३. पुन्हा तेच. असे चार वेळा केलं की पुढचा ग्रह. त्या त्रिकुटातले काही बिट सांगतात ग्रह नकाशावर कुठे, काही सांगतात सरकार कोणतं, काही शेतीचा की कारखान्यांचा, बाकी श्रीमंती लोकसंख्या त्यावरूनच काढलेली. नावंसुद्धा तशीच, अक्षरांच्या जोड्यांची एक छोटी पट्टी आहे, ला, वे, दि, सो, ति, असलं, आणि आकडा सांगतो कुठली जोडी उचलायची. ला आणि वे मिळून लावे (लेव्ह नाही हो ताई, माझ्या मते लावे, पण यावर लोक मारामाऱ्या करतात). दि आणि सो मिळून दिसो. ग्रह कुठेच साठवलेला नाही, तुम्ही नकाशा उघडता तेव्हा तो जन्माला येतो, आणि प्रत्येक वेळी अगदी तसाच, कारण गणित तेच. लावे यादीत आठवा.

आता मला सगळ्यात भारी वाटतं ते. ते २०४८ ग्रह आठ आकाशगंगांत वाटलेत. आठच का? तर पुढच्या आकाशगंगेत नेणारा ५००० क्रेडिटचा गॅलॅक्टिक हायपरड्राइव्ह वापरला की त्या तीन आकड्यांच्या सहा बाइटांतला प्रत्येक बाइट एक घर डावीकडे फिरतो, डावीकडून पडलेला बिट उजवीकडून परत आत. बाइटमध्ये बिट आठ, म्हणून आठ उड्यांनी आपण पहिल्या आकाशगंगेत परत. खरं तर त्यांच्या मनात सुमारे २८१ लाख कोटी आकाशगंगा होत्या, गेमचे प्रकाशक एकोर्नसॉफ्ट यांनी आवरलं त्यांना, म्हटलं एवढ्या दिल्या तर हे नुसतं आकडेमोडीचं यंत्र आहे हे लोकांच्या लक्षात येईल. बरोबरच होतं त्यांचं.

या आकडेमोडीचा विनोद पण होतो. ग्रहांची वर्णनंसुद्धा अशीच तुकडे जोडून बनतात, त्यात एखाद्या ग्रहावर मांसाहारी कला पदवीधर निघतात. आमच्या आर्ट्सच्या मित्राला मी हे पंधरा वर्षं ऐकवतोय.

आणि पडदा नीट बघायला सांगा त्याला. वरचा भाग नुसता काळापांढरा पण रेघा बारीक, खालचं पॅनेल रंगीत पण ठोकळे जाडे. बीबीसीवर असा मोडच (पडद्याचा प्रकार) नाही! पडदा रंगवला जात असताना मध्यावर टायमर वाजतो आणि प्रोग्राम तेवढ्यात मोड बदलतो, सेकंदाला पन्नास वेळा.

फक्त_वाचतो

आयडी 'फक्त वाचतो' असूनही लिहितोय.

बीबीसी मायक्रो आपल्याकडेही होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९८४ मध्ये सरकारचा क्लास प्रोजेक्ट निघाला, शाळांमध्ये कॉम्प्युटर साक्षरता, पहिल्या फेरीत २५० शाळा, आणि मशीन ही हीच. नंतर चंदीगडजवळ मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये युनिकॉर्न नावाने बनायलाही लागली. आमच्या शाळेत होती. खोलीला पडदे, एसी, बाहेर चपला काढायच्या, आत देवळासारखी शांतता, आठवड्याला एक तास आणि एका मशीनला चार पोरं, त्यातला एकच टाइप करणार. उरलेले तिघे हात मागे बांधून. एलिट त्या मशीनवर चालते हे मला कळलं ते तीस वर्षांनी. म्हणजे अख्खी आकाशगंगा समोर होती आणि आम्ही १० प्रिंट स्वतःचं नाव, २० गोटू १० करत बसलो.

बाकी काही नाही, वाईट वाटलं म्हणून लिहिलं.

सदाशिव_४८के

हे वाचून आठवलं. सेव्ह करायला कोरी कॅसेट नसायची, तर भावाने कमांडर (म्हणजे गेममधली आपली आतापर्यंतची कमाई) सेव्ह केला आबांच्या कीर्तनाच्या कॅसेटवर, बी साइडला, शेवटी रिकामं आहे समजून. एकादशीला आबांनी लावली. बुवा रंगात आलेले, टाळ मृदंग, आणि मध्येच कीईईई किर्रर्र. आबा उठून रेकॉर्डरला दोन थापडा मारून परत बसले. आम्ही दोघं स्वयंपाकघरात तोंडात पंचा कोंबून. त्या कमांडरकडे बीम लेझर होता हो, तो पुसायची हिंमत झाली नाही आणि सांगायचीही.

ब्लेचलीकर

अपडेट!! गेलो आत!!!

सदाशिवदादा तुमचं ते ग्रहाकडे पाठ करण्याचं लेकाला एका वाक्यात समजलं, मला कागदावर काढून दाखवावं लागलं. परवा दुपारी नुसतं आतबाहेर केलं. पहिल्या तीनदा घासलं, चौथ्यांदा गेलं, आणि आता तो लोळत वगैरे काही जात नाही, फट आडवी यायच्या क्षणी स्पीड वाढवून घुसतो, मला बघवत नाही. मी तुमच्या पद्धतीने जाते, पाच मिनिटं लागतात पण जाते.

जोडाक्षर, बेरजा केल्या, चार पानं भरली, दुसऱ्या ग्रहाला कुठेतरी हातचा चुकला म्हणून रडारड झाली. लावे की लेव्ह यावर घरात मतदान झालं, एक विरुद्ध एक.

शेतीच्या ग्रहावरून धान्य, कारखान्याच्या ग्रहावरून कॉम्प्युटर, असं लेव्ह ते झाऑन्स ते लेव्ह चाललंय, आणि आठ याने पाडून त्याचा हुद्दा निरुपद्रवी वरून बहुतांशी निरुपद्रवी झाला, शाळेत सांगून आलाय.

पण नवीन लफडं. काल मी स्वयंपाकात होते आणि याने नार्कोटिक्स, म्हणजे अमली पदार्थ, भरली. विचारलं का, तर म्हणे आई त्यात नफा जास्त. आता स्टेटस ऑफेंडर (गुन्हेगार) दाखवतंय आणि वायपर का काय ते पोलीस मागे लागतात. बाजारात विकतात म्हणजे चालत असेल असं वाटलं त्याला. हे जाणार कसं?

ऑर्बिट_पव्या

वा, पोरगं नाव काढणार.

जोडाक्षर

विकत घेतल्याने काही होत नाही, तो माल घेऊन स्टेशनातून बाहेर पडताना रेकॉर्ड खराब होतं. आता दोन वाटा. दर हायपरस्पेस उडीला (एका ग्रहावरून दुसऱ्यावर जाताना) गुन्ह्याचा आकडा निम्मा होतो, म्हणून सरळ धान्याच्या फेऱ्या मारत राहा, चारपाच उड्यांत साफ होईल. नाहीतर एस्केप पॉड (यान सोडून पळायची कुपी) वापरला की रेकॉर्ड एकदम कोरं, पण होता नव्हता तो सगळा माल जातो. पॉड १००० ला मिळतो.

ब्लेचलीकर

आमच्याकडे ६४ क्रेडिट आहेत. उड्या मारतो.