मदत हवी आहे: २^६१ − १ मूळ संख्या असूनही लुकास-लेहमर चाचणीत नापास होतेय

सी भाषेतला प्रोग्राम आहे. एस = ४ पासून सुरुवात, दर फेरीला एसचा वर्ग करून २ वजा, मग एम = २^पी − १ ने भागून बाकी. पी − २ फेऱ्यांनंतर शून्य आलं की एम मूळ. घातांक ५, ७, १३, १७, १९, ३१ ला उत्तर बरोबर. ६१ ला शून्य येतच नाही. पण २३०५८४३००९२१३६९३९५१ मूळ असल्याचं पेरवुशिनने १८८३ मध्येच दाखवलंय. सगळी व्हेरिएबल्स ६४ बिटी अनसाइन्ड (ऋण संख्या न ठेवणारी), कंपायलरची वॉर्निंग नाही.

शिवाय पायथॉनमध्ये २ पाया घेऊन फर्मा चाचणी (पाया^(एम − १) ला एमने भागून बाकी १ येते का) केली तर घातांक ६१ बरोबर ६७ही, म्हणजे २^६७ − १ ही पास! ती तर संयुक्त ना?

प्रतिसाद १
एम ६४ बिटांत मावते, एसचा वर्ग मावत नाही. प्रत्येक फेरीचा एस छापून बघा. चौथीला १४१६३१७९५४, पाचवीला २००५९५६५४६८२२७४६११४, इथवर बरोबर असेल. सहावीत याचा वर्ग ३७ आकडी होतो आणि ६४ बिटांच्या वरचा भाग गुपचूप गळतो. अनसाइन्डमध्ये हे सी च्या नियमांनुसारच आहे, म्हणून वॉर्निंग नाही. ३१ ला वर्ग ६२ बिटांतच राहतो, त्यामुळे चूक लपली.

जीसीसी, क्लँग या कंपायलरमधला १२८ बिटी अनसाइन्ड प्रकार वापरा. कास्ट (प्रकार बदलणं) गुणाकाराच्या आधी, एका एसवर. नंतर केलंत तर गळून गेलेलं परत येत नाही. भागाकारही नको: एमने भागल्यावर २^६१ ची बाकी १, म्हणून खालचे ६१ बिट आणि उरलेला वरचा भाग यांची बेरीज केली की झालं.

धागाकर्ता
केलं. वर्गातून २ वजा करून मग बेरीज घेतो. आता शेवटी शून्याऐवजी एमच छापलं जातंय.

प्रतिसाद १
तेच शून्य. बेरजेनंतर एस ≥ एम असेल तर एम वजा करा. आणि २ आधी वजा करताना एस ० किंवा १ असला तर अनसाइन्ड उलटं फिरून प्रचंड आकडा होईल, तेव्हा वर्गात आधी एम मिळवून मग २ काढा.

प्रतिसाद २
फर्माचं: घातांक मूळ असलेली प्रत्येक मर्सेन संख्या (२^पी − १ रूपाची) पाया २ ला पास होतेच. २^पी ची बाकी १, आणि एम − १ = २^पी − २ ला पी ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे इथे पाया २ निरुपयोगी, ३ घ्या. २^६७ − १ = १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७, कोलने १९०३ मध्ये दाखवलं. (मर्सेनच्या १६४४ च्या यादीत ६७ होता, ६१ नव्हता. दोन्ही चुका.) तुमच्या सी कोडात मात्र ६७ घालू नका, तिथे एमच मावत नाही.

नापास होणारी संख्याही तपासा. घातांक ११, म्हणजे २०४७ = २३ × ८९. ९ फेऱ्यांनंतर १७३६ यायला हवं.

धागाकर्ता
१७३६ आलं, ६१ ला शून्यही. आभार.